रानपऱ्यांच्या रिंगणाचा मध्य

"आत पाय टाकाल तर जन्मभर लुळे व्हाल!" कमरेचा मंतरलेला दोर चाचपत इग्नात मांत्रिक ओरडला आणि आमचं अख्खं गाव कुरणाच्या कडेला थिजून उभं राहिलं. हिरव्या गवतात करपलेल्या गवताचं गोल रिंगण होतं. गेल्या आठवड्यात तिथे काही नव्हतं. अशा रिंगणात समोदिवा, म्हणजे रानपऱ्या, नाचतात असं आमच्याकडे मानतात. आत कुणी पाऊल टाकत नाही.

स्तामेनाच्या खांद्यावर तिची गेर्गिना तापानं फणफणली होती.

"सूर्य बुडाला की पोरीला आत निजवायचं," इग्नात म्हणाला. "या दारातून पऱ्या येतील, समोरच्या दारातून ताप घेऊन जातील. डॉक्टरला बोलावलंत तर पोर गेलीच समजा!"

दारं म्हणजे लाल दोरा बांधलेल्या दोन काठ्या, रिंगणावर बरोबर समोरासमोर रोवलेल्या. गेल्या वर्षी वरच्या कुरणात पेत्कानाचा दिमो असाच निजवला होता. सकाळी तो गार पडला होता. मी गावचा पोस्टमन, चार बुकं शिकलेला, तरी तेव्हा मूग गिळून बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

सूर्य डोंगराला टेकला. तेवढ्यात शाळेच्या वेलिकाबाई पुढे आल्या आणि बाहेरूनच पावलं मोजू लागल्या. आधी रस्त्यापासून, मग रस्त्याला काटकोनात असलेल्या कुंपणापासून.

"पऱ्यांना झगे शिवताय का, बाई?" इग्नात खिदळला.

"पहिली काठी रस्त्यापासून चार पावलं, कुंपणापासून तीन. दुसरी बारा आणि नऊ. फरक आठ आणि सहा. त्यांचे वर्ग चौसष्ट नि छत्तीस, बेरीज शंभर. म्हणजे व्यास दहा, त्रिज्या पाच. आणि मध्य दोन्ही काठ्यांच्या अधोमध, रस्त्यापासून आठ, कुंपणापासून सहा." एवढं बोलून बाई सरळ आत शिरल्या. बायका किंचाळल्या.

बाई काही लुळ्या पडल्या नाहीत. मध्यावर त्यांनी गवताचं ढेकूळ उचललं. खाली खुंटीचं भोक होतं.

"इग्नात, तो दोर द्या."

तो मागे सरकला. या वेळी मात्र मी दोर हिसकावून घेतला. भोकात काठी रोवून दोर ताणला, तर पाच पावलांवर त्याचं टोक करपलेल्या गवतावरच आलं. मी ते गवत चाटून पाहिलं. खारट! इग्नातच खुंटीला दोर बांधून तिच्याभोवती फिरत मिठाचं पाणी ओतत गेला होता.

स्तामेना पोरीला घेऊन डॉक्टरकडे धावत सुटली. पोर वाचली.

पेत्काना मात्र भोकाशी बसली. त्यात बोट घालून म्हणाली, "माझा दिमो याच्यापायी गेला?"



लोकहो, पऱ्या आहेत की नाहीत यावर वाद घालत बसू नका. ताप आला तर डॉक्टर गाठा, आणि रिंगण दिसलं तर मध्यावर जाऊन खुंटीचं भोक शोधा. आम्ही ते एक वर्ष उशिरा शोधलं.