अठ्ठेचाळीस नंबरचा दिवा

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याला जिना बंद केला, आणि थिएटरचा लाइट बोर्ड आहे अठ्ठावीस पायऱ्या वर. झालं! सव्वीस वर्षं काचेमागच्या त्या खोपट्यात बसून नाटकांचे लाइट्स केले, आणि आता म्हणे घरी बसा. घरी बसून काय करू, फ्रिजमधला दिवा लावू-विझवू?

आमच्या दिग्दर्शकाला मी घाईमहाराज म्हणतो. त्याने सरळ सांगून टाकलं, "काका, पाचपर्यंत काहीतरी जमवा, नाहीतर सातच्या प्रयोगाला दुसरा माणूस बोलावतो." दुसरा माणूस! नाटकात मुख्य काम माझ्या बायकोचं. तिच्या तोंडावर परका माणूस उजेड टाकणार? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

धावून आली ती लेक. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने वर जाऊन बोर्डाला वायफायचा डबा जोडला आणि खाली येऊन एक टॅबलेट माझ्या मांडीवर ठेवला. "बाबा, हा आता तुझा बोर्ड. इथे तिसऱ्या रांगेत बसायचं. जिन्याचं नाव काढायचं नाही."

काचेवर बोट सरकवलं, तर स्टेजवर उजेड चढला. अरेच्चा! खाली ओढलं, तर उतरला. दहा मिनिटं मी तेच करत बसलो, तेव्हा स्टेजवरून बायको ओरडली, "अहो, पुरे! डोळे दिपले माझे!"

तालीम सुरू झाली. पहिला प्रवेश झकास गेला. शेवटी ब्लॅकआउट. बोट टेकवलं, अंधार गुडुप. आणि टॅबलेटवर ओळ आली, 'संपर्क तुटला.' एक बोट आपटलं, दोन आपटली. अंधार ढिम्म हलेना. त्यातून बायकोचा आवाज आला, "अहो, मुक्कामच करू का इथे?"

लेक धावत वर गेली आणि बोर्डावरून दिवे लावून आली. ती खाली येईपर्यंत टॅबलेट शहाण्यासारखा पुन्हा जोडलेला. परत केलं, परत तेच. बाकी सगळं सुरळीत, फक्त ब्लॅकआउट आला की हा मान टाकायचा. तिसऱ्या खेपेला लेकीला धाप लागली होती आणि माझा पारा चढला होता. "घाल ही पाटी कचऱ्यात! माझा बोर्ड सव्वीस वर्षांत एकदाही रुसला नाही!"

साडेचार वाजले होते. घाईमहाराजाने मोबाइल बाहेर काढला. दुसऱ्या माणसाचा नंबर शोधू लागला.

चौथ्या वेळी मी टॅबलेट सोडून वर बघितलं. खोपट्याच्या काचेमागे माझ्या टेबलावरचा छोटा पिवळा दिवा दिसत होता. ब्लॅकआउट दिला. दिवा विझला आणि त्याच्या मागोमाग टॅबलेटही गेला.

"काय गं, डबा कुठल्या पॉइंटला लावलास?"

"तुझ्या टेबलावरच्या दिव्याच्या. दुसरा मोकळाच नव्हता, म्हणून डबल प्लग लावला."

मी कपाळावर हात मारून घेतला. तो पॉइंट बोर्डाचा अठ्ठेचाळीस नंबर, म्हणजे बोर्डावरूनच चालू-बंद होणारा. बाकीचे लोक ब्लॅकआउटमध्ये आपला दिवा चालू ठेवतात, मी नाही. माझा अंधार म्हणजे अंधार, त्यात माझा दिवासुद्धा विझतो. म्हणजे ज्या फांदीवर बसलो होतो, तीच मी दर वेळी तोडत होतो!

"एवढंच ना?" लेक म्हणाली. "तो दिवा ब्लॅकआउटमध्ये चालू ठेवू."

"अजिबात नाही!" हे मी नाही, बायको बोलली. ती स्टेजच्या कडेपर्यंत आली. "तो विझला की मी सात मोजेपर्यंत खुर्चीत जाऊन बसते. इतकी वर्षं तेच करतेय. चालू राहिला तर पुरता अंधार झाला हे मला कळणार कसं?"

सव्वीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्या दिव्याकडे माझ्याशिवाय कोणी बघत नाही. "मग दिवा विझणार म्हणजे विझणार," मी म्हणालो.

लेकीने मेकअपच्या खोलीतून लांबलचक वायर वर ओढली आणि डबा तिकडच्या साध्या पॉइंटवर टाकला. पाचला पाच कमी असताना मी ब्लॅकआउट दिला. दिवा विझला, टॅबलेट जिवंत! सात मोजून उजेड दिला, तर बायको खुर्चीत. घाईमहाराजाने मुकाट्याने मोबाइल खिशात टाकला.

सातला प्रयोग सुरू झाला, हाउसफुल. दुसऱ्या प्रवेशात ती खिडकीशी बसून सकाळ व्हायची वाट बघते, एवढंच. आजवर वरून मला दिसायचा तिचा भांग आणि खांदे. तालमीत टॅबलेटच्या नादात तिच्याकडे नीट बघायला फुरसत नव्हती. आता समोरून बघत होतो. अर्ध्या अंधारात तिचे ओठ जरासे हलत होते, डोळे खिडकीकडे लागले होते. इतकी सुंदर दिसत होती माझी बायको की काय सांगू!

ती बसली. बसूनच राहिली. मग खिडकीकडे बघत, नाटकात कुठेही नसलेलं वाक्य बोलली, "आज सूर्याचा डोळा लागला की काय?"

थिएटर खो-खो हसलं. लेकीने मला कोपर मारलं. "बाबा, क्यू! उजेड दे!"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझा क्यू चुकला होता. मी घाईघाईने बोट टेकवलं आणि तिच्या चेहऱ्यावर सकाळ झाली.