मिटलेलं कोरल
ताईचं लग्न एकावन्नाव्या वर्षी झालं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका विधुराशी. सगळ्यांना आनंद झाला, धाकट्या भावालाही झाला. पण ती आता दुसऱ्या गावी राहणार, हे तिचं सामान बांधेपर्यंत त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आई गेल्यापासून दोघंच राहत होती. हा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची. सेहेचाळिसाव्या वर्षीही तिच्या तोंडी तो ‘बाळ्या’च.

मागे राहिली तिची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. आत मऊ कोरलं, म्हणजे समुद्रातली जिवंत प्रवाळं: जांभळी, पोपटी, केशरी, झोताबरोबर डोलणारी. मधलं सगळ्यात जुनं, अळंबीसारखं पसरट. माथ्यावर शेकडो बारीक पिवळसर बोंडं.

“हलवली तर मरतील. तूच बघ आता,” असं सांगून ताई गेली.

महिनाभरात ते मधलं कोरल मिटलं. बोंडं आत ओढली गेली, वर मेणासारखी कळकट साय धरली. बाळ्याने लगेच फोन लावला.

“अरे, कात टाकतंय ते,” ताई हसली. “पाण्याचा झोत जरा त्याच्याकडे वळव. आणि मला रोज कळवत जा.”

रोज! बाळ्याने तो शब्द पदरात पाडून घेतला. दुकानातून आला की चपला काढायच्या आधी फोन. पाणी किती खारं ते सांगायचं, मग जेवलास का, मग भावजींचा खोकला, मग एखाद्या गिऱ्हाइकाची नक्कल. अर्धा तास कुठे जायचा कळायचं नाही.

नवव्या दिवशी त्याला सुट्टी होती. त्याच्या डोळ्यांदेखत साय सुटली आणि दुपारपर्यंत बोंडं पूर्वीपेक्षा टवटवीत फुलली. तो कितीतरी वेळ बघत बसला. संध्याकाळी फोनवर म्हणाला, “नाही गं, अजून तसंच आहे.”

पंधरा दिवस तो बेधडक खोटं बोलला. शेवटी ताईला राहवलं नाही. एका रविवारी सकाळी ती भावजींसह दारात उभी.

ती थेट टाकीपाशी जाऊन फुललेल्या कोरलापुढे थांबली. भावजी म्हणाले, “आम्ही तर मयताला आल्यासारखे आलो!” कोणीच हसलं नाही, तसे ते चहा टाकायला आत गेले.

“कधी उघडलं?”

“झाले पंधरा दिवस.”

“जिवाला घोर लावलास माझ्या.” मग तिचा आवाज उतरला. “भले आहेत रे ते. पण तिकडे माझ्या लहानपणचं कोणाला काय माहीत? दिवसभर मी तुझ्या फोनची वाट बघते.”

बाळ्याने स्टूल ओढून तिला टाकीसमोर बसवलं.

कोरल मेलंच तर निदान तुकडा वाचावा, म्हणून भावजींनी तिकडे छोटी टाकी मांडून ठेवली होती. ती रिकामी कशाला राहू द्यायची, म्हणत जेवणानंतर ताईने ब्लेडने कोरलाची कड कापली. उग्र वास सुटला. तुकडा दगडावर रबरबँडने बांधून तिने पाण्याच्या डब्यात ठेवला.

“राहतेस दोन दिवस?” बाळ्याने विचारलं.

“राहा की,” भावजीही म्हणाले.

ताई क्षणभर घुटमळली. “नको. हा तुकडा आजच टाकीत पडायला हवा.”

डबा मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. गाडी दिसेनाशी झाली तरी बाळ्या फाटकातच उभा होता.

“ताई गेली का रे?” शेजारणीने खिडकीतून विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “घरी गेली.” त्या गावाला तिचं घर म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ.