आईंच्या अंगठ्यातला जोर

"लाकूड तरी बरं गं. सैल सोड म्हटलं की आणखी ताणतीस," आई हेमाच्या कानाशी पुटपुटल्या आणि तेलाचा अंगठा तिच्या खांद्यात रुतवला. हेमानं उशीत तोंड खुपसलं.

आई म्हणजे आमच्या सासूबाई, हौसाबाई. हेमा माझी धाकटी जाऊ. नजर गेल्यापासून डोंबिवलीच्या या घरात आईंना कुणी गॅसजवळ फिरकू देत नाही. पण अंगठ्यात जोर आहे. गावाकडच्या किती बाळंतिणी त्यांच्या हाताखालून चालत्या झाल्या, हे आल्यागेल्याला ऐकावंच लागतं.

हेमाचं दुखणं वर्षभराचं. आधी मान, मग खांदे, मग कुठे दुखतं हे विचारणंच आम्ही सोडलं. रात्रभर झोपून सकाळी ती पोतं वाहिल्यासारखी उठायची. ब्लाऊजचा काठसुद्धा टोचायचा. गाळणी हातात धरून "ते... हे कुठंय?" म्हणायची. रिपोर्ट मात्र एकजात चांगले. तिच्या नवऱ्यानं, आनंदभावजींनी, पेढे तेवढे वाटले नाहीत.

शेवटी आम्ही तिघं माजिवड्याला संधिवाताच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मानेवर, खांद्यावर, कोपराशी अंगठा टेकवला, नख पांढरं होईल इतपतच. हेमा कळवळली.

"फायब्रोमायल्जिया," बाई म्हणाल्या. "रिपोर्टात दिसत नाही, पण दुखणं खरं आहे. साधा दाबही यांच्या मेंदूला दुखणं वाटतो. झोप सुधारू, रोज थोडं चाला. आणि रगडून घेऊ नका."

'खरं आहे' एवढ्यावरच हेमाला रडू फुटलं.

येताना गाडीत भावजी म्हणाले, "वहिनी, मालिशचं आईला नको सांगायला. तेवढंच उरलंय तिच्याकडे." मी मान हलवली. हेमानंही हलवली. तेवढ्यानंही तिची मान दुखली असणार.

आईंना आम्ही गोळ्या सांगितल्या, चालणं सांगितलं.

"आन् मालिश?"

"चालू दे की," भावजी म्हणाले आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसले.

तेव्हापासून आईंनी जोर वाढवलाय. "गाठ फुटल्याबिगर सुटत न्हाई," म्हणतात. मी मध्येच "आई, चहा झालाय" म्हणून हाक मारते. इतका चहा या घरात कधी झाला नव्हता.

आज चहालाही त्या उठल्या नाहीत. कपाळावर घाम, धाप लागलेली. "पाठ मोकळी करते आज. उद्या पळशील बघ." अंगठा कण्याच्या कडेनं खाली सरकत गेला. उशीचा अभ्रा हेमाच्या मुठीत गोळा झाला होता. तेलाची वाटी घेऊन मी दारातच उभी राहिले.

"बरं वाटतंय न्हवं?" आईंनी रोजच्यासारखं विचारलं.

रोज हेमा "हं" म्हणते. आज म्हणाली नाही. तिनं हात मागे नेला, चाचपडत आईंचं मनगट धरलं.

"आई, तुमच्या हातानं दुखतं. रोज दुखतं."