उलट्या बाजूचा सुतार

ठोक्या सुतार चांगला बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण आत्यासमोर उभा राहिला की त्याचे गुडघे आपोआप चौथीच्या वर्गात जात. आत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी शिट्टी काही तिच्या गळ्यातून सुटली नव्हती. ठोक्याच्या नव्या, लाकडाच्या कडा कोरणाऱ्या शेपर मशीनला तिने घरामागची शेड दिली, ती एका अटीवर, आणि अट दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिली: ‘लाकूड उडाल्यास मशीन बाहेर.’ दुसरी जागा मिळायचं नाव नव्हतं. शेड गेली तर पुन्हा मिस्त्रींच्या दुकानात चाकरी, आणि तिथून तर तो मोठ्या ऐटीत निघून आला होता.

पहिल्या दिवशी आत्या मशीनच्या उजवीकडे खुर्ची टाकून, माहितीपुस्तक उघडून बसली.

“प्लग?”

“कटर बसवायला प्लग कशाला काढायचा गं? बटण बंद आहे ना.”

शिट्टी वाजली. ठोक्याने प्लग काढला.

मग त्याने नट पान्याने आवळला. कटर हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहिलं. वर जाळी बसवली, बोटं लांब राहावीत म्हणून लाकूड ढकलायला दट्ट्या घेतला. दर वेळी तो म्हणे, “पंधरा वर्षं हेच करतोय मी,” आणि दर वेळी आत्या म्हणे, “पाढे पाठ आहेत असंही तू म्हणायचास.”

“‘लाकडाच्या रेषेत कुणीही थांबू नये,’” आत्याने वाचलं आणि ती लगेच उठून खांबाआड गेली. खुर्ची तिथेच राहिली. “आणि मशीनवरचा बाण बघ. लाकूड उजवीकडून ढकलायचं, कटर फिरतो त्याच्या विरुद्ध.”

“पुस्तकवाल्याने कधी रंधा धरलाय का? मिस्त्रींकडे आम्ही सगळे डावीकडूनच ढकलायचो,” असं म्हणत ठोक्याने प्लग लावला आणि बटण दाबलं. आत्याने शिट्टी फुंकली, पण त्या घरघरीत कोण ऐकतंय!

लाकूड कटरला टेकलं मात्र, आणि दट्ट्यासमोरून गायब झालं. खाड्कन आवाज झाला. खुर्चीच्या वेताच्या पाठीतून ते आरपार गेलं होतं, बरोबर आत्याच्या पोटाच्या उंचीवर.

ठोक्या बटणाकडे झेपावला. त्याने बटण बंद केलं. कटर थांबेपर्यंत तो बाणाकडे बघत राहिला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मिस्त्रींच्या मशीनच्या वायरीच उलट्या जोडलेल्या होत्या, म्हणून तिथे कटर उलटा फिरायचा! त्या दुरुस्त करायला माणूस बोलवायचा सोडून मिस्त्रींनी सगळ्या कारागिरांनाच उलटं शिकवलं होतं. त्याला हसू आलं, आणि मग फळा दिसला.

आत्या खांबाआडून आली. तिने खुर्ची पाहिली, आपल्या पोटावर हात ठेवला.

“बोटं?”

“दहा.” त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. “आत्या, तू तिथे बसली असतीस तर...” तो पाना घेऊन कटर सोडवायला वाकला. मशीन बाहेर न्यायचं तर आधी कटर काढायला हवा.

“नापास झालास,” आत्या म्हणाली.

“हो.”

“प्लग?”

ठोक्याने दुसरा हात वर केला. पाना उचलण्याआधीच त्याने प्लग काढला होता, आणि वायर मनगटाला दोनदा गुंडाळून घेतली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

आत्याने त्या हाताकडे पाहिलं. मग तिने पदराने फळा पुसला.

“माझ्या शाळेत नापास झालेल्याला हाकलत नसत,” ती म्हणाली. “त्याच वर्गात पुन्हा बसवत. चल, उजवीकडे उभा राहा.”

आणि शिट्टी तोंडात धरून ती पुन्हा खांबाआड गेली.