खाली कोण राहतं?

नांदगावकडच्या आपल्या मातीच्या बंधाऱ्याला रावजीने आठवडाभर अगदी न्हाऊमाखू घातलं. भरावावरची झुडपं तोडली, उंदरांची बिळं बुजवली, जादा पाणी निघून जायचा सांडवा खराट्याने झाडला. "एवढं घर झाडलं असतं तर!" बायको, झुंबरबाई म्हणाली. पण रावजीने तिकडे कानच दिला नाही.

कारणही तसंच होतं. खासगी बंधाऱ्यांना धोक्याचे वर्ग लावायला सरकारी पाहणी निघाली होती. 'कमी धोका' मिळाला तर सुटले. 'जास्त' मिळाला तर सांडवा चार फूट खाली उतरवायचा, म्हणजे निम्मं पाणी वाहून जाणार आणि उन्हाळ्यात डाळिंबाची बाग वाळणार. स्वतःच्या हाताने लावलेली बाग, त्यामुळे रावजीचा जीव टांगणीला लागला होता.

पाहणीसाठी सरकारकडून निकिता मॅडम स्कूटीवरून आल्या. तरणी पोर, पण भरावावर दोनदा चढली, दोनदा उतरली, दगड हलवून पाहिले. "बंधारा ठणठणीत आहे, काका."

"मग लिवा की कमी धोका!"

"वर्ग त्याच्यावर ठरत नाही. खाली कोण राहतं, त्याच्यावर ठरतो. उद्या फुटलाच, तर कुणाचा जीव जाईल?"

झालं! आठवडाभराचा घाम फुकट गेला होता. रावजी डोकं खाजवत राहिला.

खाली दोनशे पावलांवर नाल्याकाठी कांदाचाळ होती आणि चाळीमागच्या खोलीत त्याचा धाकटा भाऊ हिरामण एकटा राहत होता. वीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून हा बंधारा घातला होता. पाणी दोघांचं होतं तोवर बरं चाललं होतं. वाटण्या झाल्या, बंधारा रावजीकडे आला आणि तीन वर्षांपूर्वी एका पाइपावरून दोघांचं असं बिनसलं, की बोलणंच बंद. "मला भाऊच नाय," असं रावजी गावभर सांगत फिरायचा. आज ते भलतंच कामी आलं.

"खाली कोणी नाय," तो म्हणाला. "चाळ हे ती. कांदे राहतात."

"चला, बघून येऊ."

रावजी पाय ओढत मागून निघाला. तीन वर्षांचा राग काढायला हिरामणला आयतीच संधी होती, आणि ती तो सोडेल असं काही रावजीला वाटत नव्हतं.

हिरामण चाळीपुढे कांदे निवडत बसला होता. मागच्या खोलीचं दार त्याने ओढून घेतलं होतं.

"इथंच राहता का?" मॅडमनी विचारलं.

हिरामणने एकदा थोरल्याकडे पाहिलं, एकदा वरच्या बंधाऱ्याकडे. "नाय मॅडम. दिवसा राखणीला येतो. झोपायला गावात." मग हळूच म्हणाला, "त्या पाण्यावर बाग हे. सांडवा नका तोडू."

 बेटा रावजीसाठी धडधडीत खोटं बोलत होता.

मॅडम लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होत्या, "फुटल्यास जीवितहानी... शून्य."

खरं तर रावजीने नाचायला हवं होतं. पण त्याची नजर हिरामणवर खिळली. डोकं पार पांढरं झालं होतं त्याचं. कधी झालं, हे रावजीला माहीतच नव्हतं. कागदावर शून्य होतं आणि समोर हा बसला होता, कांद्याची सालं झटकत. रावजीला एकदम स्वतःची लाज वाटली.

"खोडा ते," रावजी म्हणाला.

"काय?"

"शून्य खोडा, मॅडम. मी पण खोटं बोललो, हा पण बोलतोय. रात्रंदिवस इथंच असतो हा. त्या दाराआड खाट हे त्याची, बघा जाऊन."

"दादा, येडा झाला का?" हिरामण ताडकन उठला. "बाग जाईल तुझी!"

"जाऊ दे!" रावजी ओरडला. "एक लिवा, मॅडम. माझा भाऊ हे तो."

मॅडमनी शून्यावर काट मारली, एक लिहिला आणि वरचा 'कमी धोका' खोडून 'जास्त' केला. हिरामण खोलीत गेला, खाट बाहेर आणून टाकली, हाताने झटकली आणि थोरल्याला म्हणाला, "बस."