सातवं रीळ

शब्दकोशाखाली ठेवलेलं ते पत्र बसवंतरावांना रोज दिसत नसे, पण ते तिथं आहे हे रोज आठवत असे. वहीतून फाडलेला दुरेघी कागद आणि निळी शाई. मुखेडच्या केवळाबाईंनी ते लिहिलं होतं. बाईंनी पंचवीस वर्षं बालवाडीत शिकवलेलं. अक्षरही तसंच, गोल आणि सुटं, एकेका शब्दाला बोट धरून चालवल्यासारखं.

"अध्यक्ष साहेबांना नमस्कार. मी लेकीकडे लातूरला आले होते तेव्हा मेहताब टॉकीजमध्ये तुमच्या मंडळाचा खास खेळ बघितला. नावाडणीचा सिनेमा. पूर आला, लेक या काठाला, सासू त्या काठाला छपरावर, आणि बाई नाव घेऊन मधोमध. तेवढ्यात दिवे लागले आणि सगळ्यांना उठा म्हणाले. नातवानं मोबाइलवर लई शोधलं, हा सिनेमा कुठंच नाही. तुमच्या गळ्यात पाच हार होते, म्हणजे तुम्हाला शेवट माहीत असणार. ती कुणीकडे गेली तेवढं दोन ओळीत कळवावं. माझी सासूही तशीच होती, म्हणून विचारते."

अडचण इतकीच होती की शेवट अध्यक्षांनाही माहीत नव्हता.

पत्र आलं त्याच दिवशी बसवंतरावांनी उत्तराचा मायना लिहिला होता. पुढं काय लिहायचं? 'मलाही माहीत नाही' असं लिहावं तर पाच हारांचं काय करायचं? चाळीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काढलेली, म्हणून त्यांनी आधी पुस्तकं धुंडाळली. एका ग्रंथात सिनेमाचं साल होतं, दुसऱ्यात 'प्रत अनुपलब्ध' एवढीच नोंद. तिसऱ्यात कथासार होतं, पण तेही पुराशीच थांबलेलं. लिहिणाऱ्यालाही बहुधा एखाद्या सत्काराच्या कार्यक्रमात शेवटाआधीच उठवलं असावं.

"एका पत्राला अकरा महिने?" त्यांची बायको दानम्मा म्हणाली. "तेवढ्यात म्हैस गाभण राहून व्यालीसुद्धा असती की हो!"

"शेवट कळल्याशिवाय काय लिहू?"

"कळला नाही असं लिवा. बाई काय तुमची परीक्षा घेऊन राहिली का?"

पण परीक्षाच होती ती. बसवंतराव स्वतःची परीक्षा दिवसातून तीनदा घेत आणि तिन्ही वेळा नापास होत.

ते अध्यक्ष झाले तेसुद्धा नको म्हणता आलं नाही म्हणूनच. मेहताब टॉकीज हे लातुरातलं एकपडदा थिएटर. मालक गफूरभाई. मॉल झाले तरी त्यांनी ते विकलं नव्हतं, आणि रिळांचं जुनं यंत्र आजही स्वतःच्या हातानं पुसून चालू ठेवलं होतं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ ते बारा ते टॉकीज चित्ररसिक मंडळाला देत. बाराला नव्या सिनेमाचा नेहमीचा शो. तो सिनेमा पाठवणाऱ्या कंपनीच्या वेळेवर सुटे, तिथं मिनिटाची मुभा नव्हती.

नऊ ते बारा वेळ पुरेसा होता. पण मंडळाला भागवत नावाचे सचिव होते.

भागवतरावांच्या मते कार्यक्रम म्हणजे आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि मनोगत. मग उरलेल्यांचा सत्कार, नाहीतर उरलेले रुसतात. शेवटी अध्यक्षीय समारोप आणि आभार. हे सगळं उरकल्यावर सिनेमा. दीड वर्षात मंडळानं अठरा सिनेमे लावले होते. त्यातल्या दोनांचाच शेवट लोकांना दिसला, कारण ते मुळातच आखूड होते. बाकी सोळांचे खुनी सापडले नव्हते, लग्नं जुळली नव्हती, गाड्या स्टेशनात शिरल्या नव्हत्या.

"भागवतराव, सत्कार जरा कमी करू," बसवंतराव एकदा बैठकीत पुटपुटले होते.

"सर, मानाचा नारळ दिला नाही तर माणूस पुन्हा पायरी चढत न्हाई. सिनेमा काय, उद्याबी लावता येतो."

"पण उद्याही सत्कार असतोच ना."

"ते तर हाय," भागवतराव समजुतीनं म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

नावाडणीच्या सिनेमाची रिळं नांदेडच्या एका बंद पडलेल्या वितरकाच्या गोदामातून एसटीच्या टपावरून आली होती. सात पेट्या होत्या. मागच्या खेपेला सहा रिळं झाली तोवर बाराला सात मिनिटं कमी होती, आणि सातवी पेटी न उघडताच परत गेली. या वर्षीच्या बैठकीत पुढचा सिनेमा ठरवताना बसवंतराव आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलले, "तोच पुन्हा लावू या." सगळे त्यांच्याकडे बघायला लागल्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. भागवतरावांनी लगेच होकार दिला, कारण मधल्या काळात तीन नवीन पाहुणे त्यांच्या यादीत आले होते.

केवळाबाईंना कळवावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण अकरा महिने उत्तर न देता एकदम आमंत्रण कसं धाडायचं? आधी दिलगिरी लिहावी लागणार होती. दिलगिरीचे पाच कच्चे खर्डे झाले, आणि रविवार उजाडला.

पावणेनऊला ते मेहताबला पोचले तेव्हा मंचावर सात खुर्च्या होत्या. मागच्या टेबलावर शालींचा ढीग होता, आणि नारळ इतके की बसवंतरावांना एखाद्या लग्नात आल्यासारखं वाटलं.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"अकराच," भागवतराव म्हणाले. "तुमच्या सांगण्यावरून कमी केले."

वरच्या केबिनच्या खिडकीतून गफूरभाईंनी खाली डोकं काढलं. "बसवंत सर! पहिलं रीळ चढवून ठेवलंय. या टायमाला शेवट दाखवायचा का न्हाई ते तुमी बघा. मी तर अकरा महिन्यापास्नं त्या बाईला पाण्यात ठेवून बसलोय. झोप लागत न्हाई!"

म्हणजे गफूरभाईंनीही तो पाहिला नव्हता.

नऊला दीप लागला. भागवतरावांनी माइक हातात घेऊन दोनदा फुंकर मारली. "अध्यक्ष महोदयांच्या परवानगीनं मी प्रास्ताविक..."

परवानगीनं. हा शब्द बसवंतरावांनी दीड वर्षात शंभरदा ऐकला असेल. परवानगी आपल्याला कधी कुणी विचारली होती? आणि त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं की अध्यक्षाच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. अध्यक्षांचा समारोप झाल्यावर कुणी बोलत नाही. अख्ख्या मराठवाड्यात ग्रामपंचायतीपासून साहित्य संमेलनापर्यंत हा नियम मोडलेला त्यांनी पाहिला नव्हता.

ते उठले. भागवतरावांनी माइक दिला, कारण अध्यक्ष उठले की माइक द्यायचा असतो. का उठले हे मागाहून विचारता येतं.

"मी," बसवंतराव म्हणाले. "मी अध्यक्षीय समारोप करतो."

मंचावरच्या पाहुण्यांनी हातातली भाषणं उलटून पाहिली.

"सर, अजून सुरुवात..." भागवतराव कुजबुजले.

"आजचा कार्यक्रम चांगला झाला. पाहुण्यांचे विचार मोलाचे होते," बसवंतराव डोळे मिटून म्हणाले. ही वाक्यं त्यांना पाठ होती, ती इतक्या लवकर लागतील असं वाटलं नव्हतं. "समारोप झाला. माझी परवानगी संपली. सिनेमा सुरू करा."

गफूरभाईंनी त्याच सेकंदाला दिवे घालवले. मंचावरच्या पाहुण्यांना अंधारात एकमेकांचे खांदे धरून खाली उतरावं लागलं. पाठीमागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "आरं, अध्यक्षाला बोलता येतं की!"

पण भागवतराव हार मानणाऱ्यांतले नव्हते. यंत्र एकच असल्यानं प्रत्येक रिळानंतर गफूरभाईंना दुसरं चढवायला तीन मिनिटं लागत, आणि तेवढ्यापुरते दिवे लागत. पहिलं रीळ संपलं, दिवे लागले, आणि भागवतराव शाल घेऊन पहिल्या रांगेत हजर. दुसऱ्या फटीत दोघांचे सत्कार, तिसऱ्या फटीत तिघांचे. चौथ्या फटीत शाल खांद्यावर पडायच्या आत अंधार झाला आणि ती शेजारच्या माणसाला मिळाली. त्यानं परत दिली नाही. एका पाहुण्यानं अंधारातच मनोगत सुरू केलं. लोक ओरडले, "बस्स करा हो, पूर येऊन राहिला!"

बसवंतराव कपाळ धरून बसले होते. ती चौथी सोडली तर प्रत्येक फट पाच मिनिटांनी लांबत होती. पाचव्या फटीत त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गफूरभाईंच्या खिडकीकडे केविलवाण्या नजरेनं बघितलं. सहावं रीळ सुटलं. पूर आला. बाई नाव घेऊन मधोमध गेली. दिवे लागले. बाराला पंचवीस मिनिटं कमी होती, आणि बाहेर बाराच्या शोचे लोक आतापासूनच दारावर थापा मारत होते. भागवतराव नारळ घेऊन उभे होते, शेवटचा.

"भागवतराव," बसवंतराव म्हणाले. आवाज मोठा निघाला, त्यांनाच दचकायला झालं. "तो नारळ खाली ठेवा आणि बसा!"

भागवतराव बसले. नारळ मांडीवर तसाच राहिला.

सातवं रीळ सुरू झालं. नावाडणीनं नाव वळवली आणि सासूच्या काठाला नेली. छपराला लावून वल्हं पुढं केलं. सबंध सिनेमाभर सुनेला घालून पाडून बोललेली ती म्हातारी वल्हं धरून नावेत उतरली, लुगडं पिळलं, आणि म्हणाली, "इतका उशीर लावलास." मग दुसरं वल्हं उचललं. दोघी मिळून नाव लेकीच्या काठाकडे वल्हवायला लागल्या. काठ येतो का ते दाखवलं नव्हतं. नाव लहान लहान होत गेली, एवढंच.

बसवंतराव खुर्चीत अवघडून बसले होते. म्हातारीचं ते वाक्य मुखेडहून आल्यासारखं वाटलं त्यांना. ज्या बाईनं विचारलं होतं तिच्याशिवाय अख्ख्या टॉकीजनं शेवट पाहिला होता.

ते जिना चढून केबिनमध्ये गेले. गफूरभाई डोळे पुसत रीळ पेटीत ठेवत होते. बसवंतरावांनी अडखळत पत्राचं सगळं सांगितलं.

"सर, तुमीबी कमालच हाव!" गफूरभाई वैतागून म्हणाले. "नुसतं लिहून काय व्हतंय? बाई दोनशे किलोमीटरवर थोडीच हाय? बोलवा तिला."

"पण रिळं मंगळवारी नांदेडला परत..."

"सहा जातील. सातवी पेटी एसटीवर चढवायची राहून गेली म्हणून सांगतो. पुढच्या रविवारी घेऊन या, तिच्या एकटीसाठी लावतो. फकस्त त्या भागवतला कळू देऊ नका."

त्या दुपारी बसवंतरावांनी चार पानं लिहिली, त्यात जुन्या सिनेमातल्या नदीविषयी दीड पान होतं. दानम्मानं ती वाचली आणि म्हणाली, "बाईनं दोन ओळी मागितल्यात." बसवंतरावांनी ती पानं फाडली. मग लिहिलं:

"उशीर झाला. मलाही शेवट माहीत नव्हता, हे सांगायची लाज वाटत होती. आज पाहिला. तो सोबतच्या घडी घातलेल्या कागदावर लिहिला आहे. पण पुढच्या रविवारी सकाळी नऊला मेहताबमध्ये फक्त तेवढंच रीळ तुमच्यासाठी लागणार आहे. येणार असाल तर कागद उघडू नका. सत्कार होणार नाही."

सोमवारी ते पोस्टाच्या लाल पेटीपाशी गेले. पिनकोड तीनदा तपासला. 'लाज' हा शब्द जरा जास्तच झाला असं वाटून पाकीट उघडायला नखही लावलं. मागं रांग नव्हती, पण कुणीतरी उभं आहे असं त्यांना उगाच वाटलं, आणि पाकीट हातातून सुटलं. आत पडल्याचा आवाज आला. पेटीच्या फटीत त्यांचा हात शिरत नव्हता, हे एका परीनं बरंच झालं.