बिनमुठीची दारं

घरं भरून देणारे सुतार रायपुरात पैशाला पासरी मिळतात. गंधालीचा धंदा उलटा, ती घरं रिकामी करून द्यायची. पांढऱ्या भिंती, भिंतीत दडलेली कपाटं, नजरेला टोचेल अशी एकही वस्तू नाही. शंकरनगरातली बंगलेवाली मंडळी असल्या घरात शिरली की म्हणायची, वा, किती शांत वाटतं! ही शांतता आपल्या आईलाही द्यावी असं तिच्या मनात आलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

आईचं, म्हणजे कुसुमताईंचं, डोकं हल्ली साथ सोडत चाललं होतं. सकाळी जेवलेलं दुपारी आठवायचं नाही. तात्यापाऱ्यातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता; उंच छत, लाल फरशी, लाकडी झडपांच्या खिडक्या. लग्न होऊन त्या आल्या त्या इथेच. डोकं विसरलं तरी हातांना हे घर पाठ होतं. हिरव्या भिंतीला हात लावत त्या बरोबर मोरीपर्यंत जायच्या, जाळीच्या आलमारीतून न बघता चहाचा डबा काढायच्या. लेकीला कधी बहिणीच्या नावाने हाक मारायच्या, पण आपली म्हणून ओळखायच्या. तेवढं एक उरलं होतं, आणि तेवढंच गंधालीला वाचवायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, घरात गोंधळ नको, वातावरण शांत ठेवा. शांत घर म्हटलं की गंधालीला एकच घर माहीत होतं.

"बाबा, आईले नागपूरले मावशीकडे घेऊन जा थोडे दिवस. तोवर मी घर नीट करून ठेवते."

श्यामकांत जन्मभर सरकारी कचेरीत मान डोलवत आलेले. तरी एवढं बोललेच, "तिची जाळीची आलमारी तेवढी राहू दे न बेटा. सवय आहे तिले."

"बाबा, तोच त सगळा पसारा आहे. भरोसा ठेवा माझ्यावर."

लेक शिकलेली, गावात तिचं नाव. त्यांनी मान डोलवली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय म्हणायचं?

आलमारी गुढियारीच्या कबाडीवाल्याकडे गेली. लाल फरशीवर राखाडी लाद्या बसल्या, हिरवी भिंत पांढरी झाली. दारांच्या पितळी मुठी निघाल्या. आता ठराविक जागी बोट दाबलं की दार उघडायचं आणि मिटलं की भिंत कुठे संपते, दार कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. बाहेरचं दारसुद्धा आतून तसंच. हे गंधालीचं खास कसब होतं. देवसुद्धा बिचारे एका कप्प्यात जाऊन बसले.

कुसुमताई नागपूरहून आल्या. दारात चपला काढून त्यांनी जोडीने नीट ठेवल्या. सोफ्याच्या कडेवर टेकल्या, पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली.

"छान आहे बाई तुमचं घर."

"आई, आपलंच आहे हे."

"हो त, तुमचं ते आमचंच," त्या अदबीने म्हणाल्या.

गंधालीला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. पण त्या जागच्या हलेनात. परक्याच्या स्वयंपाकघरात न विचारता जाऊ नये, हे त्यांना पक्कं आठवत होतं. चहा दिला तेव्हा प्याल्या. मग अस्वस्थ होऊन उठल्या आणि मोरीचं दार शोधत भिंत चाचपायला लागल्या. गंधाली पोचेपर्यंत उशीर झाला होता. ओल्या लुगड्यात उभ्या राहून त्या रडवेल्या झाल्या. "माफ करा बाई. तुमची फरशी खराब झाली."

गंधालीने फरशी पुसली. पुसताना तिला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

संध्याकाळी कुसुमताई म्हणाल्या, "आता कुंकू लावा, निघते मी. आमचे हे वाट पाहून राहिले असतील."

श्यामकांत समोरच उभे होते. "अवं कुसुम, मी इथंच आहे न."

कुसुमताईंनी पदर डोक्यावर ओढला आणि गंधालीला हळूच विचारलं, "हे तुमचे वडील का? भले दिसतात."

श्यामकांत आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

कुंकू लावून घेतल्याशिवाय सवाष्णीने कोणाच्या घरून निघू नये, ही रीत कुसुमताईंनी जन्मभर पाळली होती. म्हणून गंधालीने कुंकू लावलंच नाही. न लावल्यावर त्या थांबल्या खऱ्या, पण पाहुण्यासारख्या, कडेवर बसून.

दुसऱ्या दिवशी ती गुढियारीला कबाडीवाल्याकडे धावली. आलमारी चिरून झाली होती. जाळी तेवढी एका कोपऱ्यात पडलेली. भिंतीला तिने पुन्हा हिरवा रंग लावून घेतला. "नवा रंग दिला वाटते," कुसुमताई म्हणाल्या. "वास येऊन राहिला." गंधालीने भिंत पुन्हा पांढरी करून घेतली. करायला गेली एक आणि होऊन बसलं भलतंच, आणि दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

आई जेवेना, आडवी होईना. हातातली पिशवी सोडेना. शेवटी गंधाली तिच्या पायाशी बसली.

"तुमच्या घरी कोण कोण आहे?"

"पोट्टी आहे न माझी. मोठी हुशार." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "लोकांचे घरं सजवते. असेच, तुमच्या घरासारखे." मग त्यांनी भोवताली बघितलं आणि आवाज खाली आणला. "पण माझ्या घराले मी हात लावू देत नाही तिले."

कुसुमताईंनी पिशवी आवळून धरली आणि कपाळ पुढे केलं.

"लावा न बाई कुंकू. पोट्टी दारात उभी असन माझी."

करंडा कोणत्या कप्प्यात गेला, तेही गंधालीला पटकन सापडेना. तिने आईला हळद लावली, कुंकू लावलं. कुसुमताईंनी रीतीप्रमाणे चिमूट उचलली आणि लेकीच्या कपाळाला लावली. बोट अगदी बरोबर, पूर्वीसारखं दोन भुवयांच्या मधोमध टेकलं.

"सुखी राहा. येते हं."

पिशवी काखेत घेऊन त्या निघाल्या आणि भिंतीशी जाऊन थांबल्या. दोन्ही हातांनी चाचपायला लागल्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"बाई, दार कुठं आहे?"

दार त्यांच्या हाताखालीच होतं. गंधालीने ते दाखवलं नाही.